पाठीवरचं पांढरं कडं

मी एक डबा बोलतोय. पांढरा, प्लास्टिकचा, दोन लिटर आइस्क्रीमचा. झाकण केव्हाच हरवलंय. बुडाला वाटीच्या तोंडाएवढं भोक आहे आणि तेही धड गोल नाही. अशा डब्याकडे सांगण्यासारखं काय असणार, असं तुम्हाला वाटेल. पण मी जन्मभर एकीवर जळत आलो आहे आणि ती अजून त्याच घरात मानाने नांदते आहे. तेव्हा माझीही बाजू कुणीतरी ऐकून घ्यावी.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतो तो ओतावालो शहरातला बाजार आणि इंताग खोऱ्यात उतरणारी बस. धाकट्या भाचीने चर्चमध्ये पहिला प्रसाद घेतला, त्याच्या जेवणासाठी एर्मेलिंदाने मला मांडीवर घेतलं होतं. धुक्यातून तीन तास वळणं घेत बस गावात पोहोचली तेव्हा माझ्या पोटातल्या आइस्क्रीमचं सार झालं होतं. पाहुण्यांनी ते पेल्यातून प्यायलं आणि छान आहे म्हणाले. एर्मेलिंदाने मला धुऊन फळीवर ठेवलं. त्या घरात काहीही टाकत नाहीत. पुढली दोन वर्षं माझ्यात डुकराची चरबी होती. त्याबद्दल मी फार बोलणार नाही.

एर्मेलिंदा तेव्हा पन्नाशीला आली होती. थोडी कॉफी, थोडी केळी, बारा कोंबड्या आणि सेगुंदो नावाचा शांत नवरा. एका वर्षी कॉफीच्या पानांवर कसला तरी किडा पडला. राजधानीत, कीटोला राहणाऱ्या थोरल्या भाचीने, नार्सिसाने सांगितलं, मावशी, फोटो काढून इथे टाक, लोक नाव सांगतात. फोनमध्ये तसं एक ठिकाण आहे म्हणे. जगभरची रिकामटेकडी आणि हुशार माणसं तिथे एकमेकांना किड्यांची नावं सांगत बसतात. एर्मेलिंदाने फोटो टाकला. दुपारपर्यंत तीन अनोळखी माणसांनी उत्तर दिलं, आणि त्यातल्या दोघांचं आपसात भांडण झालं. तिला ते इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी तिने संडासाच्या भिंतीवरचा पतंग टाकला.

मग तिला वेडच लागलं. फोनने भागेना. नार्सिसाने आपला जुना कॅमेरा धाडला. सेगुंदोच्या वडिलांच्या पेटीतून एक लेन्स निघाली. म्हातारबा खोऱ्यातल्या लग्नांचे फोटो काढायचे. लेन्स होती माणसांची तोंडं टिपायची. नार्सिसाने फोनवरून सांगितलं की हीच उलटी करून बसव, ती जोडायला पितळी चकती पाठवते, मग मुंगीचे केससुद्धा दिसतील. आणि खरंच दिसले.

हीच ती, जिच्यावर मी जळतो. उलट्या तोंडाची, पण तोरा असा की गावातल्या प्रत्येक नवरीला जणू हिनेच नटवलं होतं.

इतक्या जवळून फोटो काढायचा तर उजेड लागतो. फ्लॅशचा उजेड सरळ पडला की किड्याच्या अंगावर नुसता पांढरा भडका दिसतो. तो उजेड मऊ करायला मध्ये काहीतरी पांढरं धरावं लागतं. एर्मेलिंदाने कागद धरून पाहिला, उशीचा अभ्रा धरून पाहिला. मग तिची नजर फळीवर गेली. माझी चरबी दुसऱ्या भांड्यात गेली, चुलीवर सुरी लाल झाली आणि माझ्या बुडाला भोक पडायला लागलं. भोक जवळजवळ पुरं होत आलं तेवढ्यात अंगणातून सेगुंदो ओरडला की घार आली, कोंबड्या आत घे. एर्मेलिंदाचा हात हलला. सुरी उजव्या अंगाला सरकली आणि तिथे बोटाच्या पेराएवढी खाच पडली. ती खाच लक्षात ठेवा.

त्या भोकातून ती लेन्स नाक बाहेर काढून बसली. मी तिच्याभोवती प्रभावळीसारखा. मागून फ्लॅश उडायचा, मी तो सगळा अंगावर घ्यायचो, मऊ करून पुढे द्यायचो आणि फोटो निघायचा. आमच्या कामाची हीच पद्धत.

गावच्या पंचायतघराच्या भिंतीवर एक दिवा रात्रभर जळतो. पहाट झाली की त्या चुन्याच्या भिंतीवर रात्रीचे किडे सुस्तावून चिकटलेले असतात. एर्मेलिंदाला तिथे उजाडताना पोहोचावं लागायचं, कारण शेजारच्या रोसेंदाच्या कोंबड्याही त्याच वेळी न्याहारीला यायच्या. दोघींचं त्यावरून रोज वाजायचं. तुझ्या लाल कोंबडीने काल माझा शिंगवाला खाल्ला, ही म्हणायची. रोसेंदा म्हणायची, मग शिंगवाल्याला सांग लवकर उठायला. तरी दोघींचं एकमेकींवाचून पानही हलायचं नाही.

एर्मेलिंदा चष्मा काढून खिशात ठेवायची, कारण तो कॅमेऱ्याला घासायचा. चष्म्याविना तिला जवळचं धूसर दिसतं. किडा म्हणजे तिच्या डोळ्याला एक ठिपका. त्याचे पाय, मिशा, पंखावरची नक्षी, सगळं तिला नंतर फोटोतच दिसायचं. तिचा एक नेम होता. किड्याचं डोकं फोटोत वरच आलं पाहिजे. किडा आडवा बसला असेल तर ती कॅमेराच आडवा करायची. नाव सांगणाऱ्यांना तसं सोपं जातं, असं ती म्हणायची. मग घरी येऊन प्रत्येक फोटोखाली लिहायची: काय असावं, कुठे दिसला, कधी दिसला, कशावर बसला होता.

तिला हळूहळू नावं पाठ झाली. शेजाऱ्यांची घ्यावीत तशी ती किड्यांची लॅटिन नावं घ्यायची. तिने नाव दिलं की बाकीचे लोक मान डोलवायचे. चार वर्षांत चार हजारांवर फोटो झाले.

आणि कौतुक कुणाचं? लेन्सचं. फोटोखाली लोक विचारायचे, बाई, लेन्स कुठली? काय लेन्स आहे. अशी लेन्स आता मिळत नाही. एर्मेलिंदा तिला सेगुंदोच्या जुन्या सदऱ्याच्या मऊ तुकड्याने पुसायची, वर फुंकर घालायची. मला भांड्यांच्या चोथ्याने. लेन्स रात्री मखमलीच्या पिशवीत झोपायची आणि मी खिळ्याला उलटा टांगलेला. चार वर्षांत एकाही माणसाने विचारलं नाही की बाई, डबा कुठला? माझ्या जिवाची नुसती लाही लाही व्हायची.

मग तो काळा भुंगेरा आला.

मिरीच्या दाण्याएवढा, घुमटासारखा, चकचकीत काळा. पहिल्याच फोटोत त्याच्या पाठीवर मधोमध एक पांढरं कडं होतं. स्वच्छ, रंगाने काढल्यासारखं, आत काळा ठिपका आणि कड्याला उजव्या अंगाला एक खाच. एर्मेलिंदा तो फोटो मोठा करून बघतच राहिली. पुढच्या पाच आठवड्यांत तसे एकूण अकरा झाले. अकराही जणांच्या पाठीवर कडं, आणि खाच उजवीकडेच.

मी खिळ्यावरून तो पहिला फोटो पाहिला आणि ओळखला. तो मी होतो. त्याच्या आरशासारख्या पाठीत माझं प्रतिबिंब पडलं होतं. कडं म्हणजे माझं बूड, मधला काळा ठिपका म्हणजे ती लेन्स आणि खाच म्हणजे घारीच्या दिवशी सरकलेली सुरी.

मला बोलता येत नव्हतं, असं म्हणून मी अंग काढून घेणार नाही. बोलता आलं असतं तरी मी बोललो नसतो. मला उकळ्या फुटत होत्या. पहिल्यांदा लोक फोटोत लेन्सची करामत बघत नव्हते, मला बघत होते. आणि लेन्स माझ्या मधोमध एक काळा ठिपका होऊन बसली होती.

फोनवर धुमाकूळ झाला. असा भुंगेरा आजवर कुणी पाहिला नव्हता. शेवटी कीटोहून डॉक्टर गालार्सांचं उत्तर आलं. या गृहस्थांनी सगळं आयुष्य भुंगेऱ्यांत घालवलं होतं. त्यांनी लिहिलं की इतकी सारखी खूण अकरा नमुन्यांत दिसते म्हणजे ही जात नवी असू शकते. गावच्या जत्रेला मी स्वतः येतो, एक जिवंत दाखवा.

गावात एर्मेलिंदाला तोवर किडेवाली म्हणत. समोर नव्हे, पण तिला ऐकू जाईल इतक्या जवळून. ती भिंतीशी वाकलेली दिसली की बस थांब्यावरचे पुरुष आपसात हसायचे. डॉक्टर येणार म्हटल्यावर सगळं बदललं. तेच पुरुष तिला वाट करून द्यायला लागले. पंचायतीने जत्रेच्या जेवणात तिचा सत्कार ठरवला. रोसेंदाचा हात रंगात चांगला. तिने पंचायतघराच्या त्याच चुन्याच्या भिंतीवर बैलाएवढा काळा भुंगेरा काढला, पाठीवर पांढरं कडं आणि उजवीकडे खाच. कोंबड्यांची भरपाई समज, असं ती म्हणाली. सेगुंदो फार बोलत नाही. तो रोज संध्याकाळी त्या भिंतीसमोर जाऊन उभा राहायचा आणि टोपी काढून परत घालायचा.

एर्मेलिंदा ताठ चालायला लागली. तिच्या चालण्यातला तो बदल माझ्यामुळे झाला, हे फक्त मला ठाऊक होतं. त्या गुर्मीत मी महिनाभर होतो.

जत्रेच्या दिवशी उजाडताना भिंतीवर तो भुंगेरा मिळाला. तिने तो बाटलीत घातला, घरी आली आणि कॅमेरा माझ्यासकट स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला, डॉक्टरांना दाखवायला तयार. मग ती आणि रोसेंदा जेवणाची भांडी घासायला बसल्या. साठ माणसांचा घाट होता. धुकं विरलं आणि खिडकीतून ऊन आलं ते नेमकं मागून माझ्यावर. एर्मेलिंदाच्या हातात सुपाचा मोठा डाव होता. ती त्याची पाठ पुसत होती. पुसता पुसता हात थांबला.

डावाच्या पाठीवर कडं होतं. पांढरं, आत काळा ठिपका आणि एका अंगाला खाच.

तिने ते आधी घासलं. डाग समजून जोरात घासलं. मग डाव तिरका केला, कडं सरकलं. मग ती उठली, चष्मा घातला आणि कॅमेरा हळूच फिरवून आडवा केला. डावातली खाच वर गेली. परत सरळ केला, खाच जागेवर आली. तिने बाटली उन्हात धरली आणि चष्म्यातून त्या भुंगेऱ्याकडे कितीतरी वेळ बघितलं. तो डोक्यापासून बुडापर्यंत नुसता काळा होता.

ती माझ्याकडे वळली. चार वर्षांत तिने माझ्याकडे इतकं निरखून कधी पाहिलं नव्हतं. मला हेच हवं होतं, आणि मला ते सहन होईना.

रोसेंदा अडाणी नाही. तिला समजायला वेळ लागला नाही. तिने दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "बाटली दे इकडे. बाहेर सोडते त्याला. आज सापडला नाही म्हण. डॉक्टर जेवतील आणि जातील."

"आणि पुढच्या वेळी?"

"पुढच्या वेळी पण नाही सापडला. किडाच तो, काय नेम. एर्मे, सगळं गाव बसलंय तिथे. भिंत मी रंगवलीय. तू आज तोंड उघडलंस तर ते बस थांब्यावरचे तुला मरेपर्यंत सोडणार नाहीत."

एर्मेलिंदा स्टुलावर बसली. डाव अजून तिच्या हातातच होता. म्हणाली, "हे एक खोटं ठेवलं, तर बाकीच्या चार हजारांचं काय करू? त्या प्रत्येकाखाली माझं नाव आहे."

रोसेंदाने पुष्कळ समजावलं. लोक नावं वाचत नाहीत, चित्रं बघतात, असंही म्हणाली. एर्मेलिंदा रडली थोडी, पदर नव्हता म्हणून शालीच्या टोकाला डोळे पुसले. मग तिने मला लेन्सवरून उपसलं, डाव काखेत मारला, बाटली खिशात टाकली आणि निघाली. लेन्स घरीच राहिली. एरवी मी त्या गोष्टीने आनंदलो असतो.

पंचायतघरात डुकराचं भाजलेलं मांस, शिजवलेला मका आणि बटाट्याचं सूप मांडलेलं. डॉक्टर गालार्सा मधल्या खुर्चीत, उंच, किडकिडीत. पंचायतीच्या प्रमुखाचं भाषण संपायची तिने वाट पाहिली नाही. तशीच पुढे गेली आणि मला डोक्याच्या वर धरलं.

"तुमचा भुंगेरा हा आहे," ती म्हणाली. "हा आइस्क्रीमचा डबा. कडं याचं आहे, खाच माझ्या सुरीची आहे. तो बिचारा नुसता काळा आहे. चूक माझी. मी चष्मा काढून बघते."

मग मागच्या बाकावरून, जिथे बस थांब्यावरची मंडळी बसली होती, तिथून पहिलं हसू फुटलं आणि बघता बघता सगळीकडे पसरलं. साठ माणसं माझ्याकडे बघत होती आणि खदाखदा हसत होती. जन्मभर मी मागितलं ते हेच का, असं मला वाटलं.

डॉक्टर उठले. त्यांनी मला तिच्या हातातून घेतलं, डाव घेतला, दारातल्या उन्हात गेले, मला असं धरून पाहिलं, तसं धरून पाहिलं. परत आले तेव्हा ते हसत नव्हते. त्यांनी कोटाच्या खिशातून घडी घातलेले कागद काढले.

"बाई, या कड्यावर मी तीन पानं लिहून आणलीत," ते म्हणाले. "या खाचेवर तर अख्खा परिच्छेद आहे. चाळीस वर्षं मी भुंगेरे बघतोय, आणि मला डबा ओळखता आला नाही." मग त्यांनी त्यातला एक तुकडा वाचून दाखवला, कड्याच्या उत्क्रांतीचा, पक्ष्यांना घाबरवण्यासाठी वगैरे. वाचता वाचता त्यांनाच हसू आवरेना. आता गाव त्यांना हसायला लागलं आणि त्यांनी ते खुशाल हसू दिलं. बाटलीतल्या भुंगेऱ्याला त्यांनी नाव दिलं. कुजक्या ओंडक्यांवर सगळीकडे सापडणारी साधी जात. एर्मेलिंदाने वहीत लिहून घेतलं. सत्कार झाला नाही. सूप मात्र तिने दोनदा घेतलं.

पुढचे तीन महिने ती चार हजार फोटो परत बघत बसली. जिथे जिथे माझी चमक होती तिथे तिथे खाली लिहिलं की ही खूण किड्याची नाही, उजेडाची आहे. मी खिळ्यावरून बघायचो. प्रत्येक फोटोत मला शोधून शोधून ती खोडत होती. बस थांब्यावरचे तिला अजून किडेवाली म्हणतात, पण आता त्यांनाही घरात काही चावलं की फोटो घेऊन तिच्याकडेच येतात. तिने नाव सांगितलं की दुसऱ्या कुणाला विचारत नाहीत.

तेवढ्यात नार्सिसाने कीटोहून नवीन पडदा धाडला. कापडी, घडीचा, खास याच कामाचा. त्याची चमक कुठे उमटत नाही, उजेड असा सांडतो की किड्यालाही कळू नये. लेन्सच्या भोवती आता तो बसतो. आधी एकीवर जळत होतो, आता दोघांवर जळतो. त्याला तर धुवावंही लागत नाही.

मला तिने टाकलं नाही. त्या घरात काहीही टाकत नाहीत, हे मी सांगितलंच. बुडाला भोक आहे म्हणून मी रोपासाठी सोयीचा ठरलो. माझ्यात माती भरली आणि मिरचीचं रोप लावलं. अंगणाच्या कठड्यावर मी बसतो. समोर पंचायतघराची भिंत दिसते. एर्मेलिंदा एकदा चुन्याची बादली घेऊन तो भुंगेरा पुसायला गेली होती. रोसेंदा मध्ये उभी राहिली. म्हणाली, चित्र माझं आहे, हात लावायचा नाही. त्यामुळे बैलाएवढ्या काळ्या पाठीवर माझं कडं अजून आहे, खाचेसकट. लेन्सचं चित्र गावात कुठेही नाही. एवढ्यावर मी समाधान मानावं, असं मी स्वतःला रोज सांगतो. होत नाही. त्या अख्ख्या भिंतीच्या बदल्यात मला एक पहाट द्या, मला सावरून धरणारा तिचा डावा हात आणि भिंतीवर एखादा सुस्तावलेला पतंग.

परवा सकाळी मिरचीच्या रोपाखालून एक काळा दाणा चालत माझ्या काठावर आला. घुमटासारखा, चकचकीत. एर्मेलिंदा कोंबड्यांना दाणे टाकत होती. तिने पाहिलं आणि कॅमेरा आणायला आत धावली. बाहेर आली ती लेन्स आणि तो कापडी पडदा घेऊनच. मी मान फिरवली असती, पण डब्याला मान नसते. त्या दोघांनी माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच अंगावर बसलेल्या किड्याचा फोटो काढला.

मग ती तिथेच कठड्यावर टेकली, फोन काढला, चष्मा घातला आणि लिहायला लागली. लिहिताना ती ओठ हलवते, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं. आधी नाव, डॉक्टरांनी दिलेलं. मग गाव, मग तारीख. शेवटी 'कशावर बसला होता' या ओळीशी ती जरा थांबली. अंगठ्याने माझी खाच चाचपली.

आणि लिहिलं: "माझ्या डब्यावर."